पाणथळीशेजारी पोकलेन उतरलं, तर पहिल्या दिवसापासून काय करायचं

फेब्रुवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावातून नाव काढली की रोहित पक्ष्यांचा थवा दिसायला फार वेळ लागत नाही. त्याच उजनीच्या फुगवट्यातून वाळू उपसणाऱ्या बोटी महसूल खात्याने जिलेटिन लावून फोडल्याच्या बातम्याही आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. बोट फुटते, फोटो छापून येतो, आणि काही दिवसांनी दुसरी बोट पाण्यात असते.

हा लेख नवख्यांसाठी आहे. गावच्या जैवविविधता समितीवर नुकतेच घेतले गेलेले, पक्षी बघायला जाता जाता काठावरचा खड्डा पाहून अस्वस्थ झालेले, किंवा पहिल्यांदाच असा अर्ज हातात आलेले ग्रामपंचायत सदस्य, अशांसाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती मला फार उशिरा कळली. ‘पक्ष्यांना त्रास होतो’ या वाक्याने पोकलेन थांबत नाही. गट नंबर, तारीख, खोली आणि अंतर लिहिलेल्या कागदाने ते कधी कधी थांबतं.

पायरी १ : आपलं पाणी कुठल्या कागदावर आहे?

नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमधमेश्वर आणि भिगवणचा उजनी फुगवटा, दोन्ही ठिकाणी पक्षी भरपूर. चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक दोन्हीकडे. पण कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या जागा आहेत. नांदूरमधमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०१९ साली रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली पाणथळ, क्षेत्र १,४३७ हेक्टर. त्यानंतर लोणार आणि ठाणे खाडी आल्या. उजनीचा फुगवटा मात्र अभयारण्यही नाही आणि रामसर स्थळही नाही. तो सिंचनाचा जलाशय आहे, एवढंच.

हा फरक किती महागात पडतो ते बघा. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ रामसर स्थळांना आणि अधिसूचित पाणथळींना लागू होतात. पाणथळीच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय वगळले आहेत. महाराष्ट्रातली पक्ष्यांची बहुतेक नावाजलेली पाणी तर धरणांच्या पोटातच आहेत! त्यामुळे ‘ही पाणथळ आहे, इथे खोदता येत नाही’ असं ठणकावण्याआधी ती कायद्याने पाणथळ आहे का, हे बघून घ्या.

अभयारण्य असेल तर हाताशी भक्कम आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२३ च्या आदेशात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात, तसंच त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई केली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २९ तर अभयारण्यात येणारा किंवा तिथून जाणारा पाण्याचा प्रवाह वळवण्या-अडवण्यालाही परवानगीशिवाय मज्जाव करतं. हे १ किलोमीटर अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीपासून मोजायचं, पाण्याच्या काठापासून नव्हे. हद्दीचा नकाशा वन्यजीव विभागाकडून घ्या. रामसर क्षेत्राची हद्द आणि अभयारण्याची हद्द एकच असेल असं गृहीत धरू नका.

अभयारण्य नसेल तरी हात बांधलेले नाहीत. वन्यजीव कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी नष्ट करणं आणि अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं, आणि परिशिष्ट १ व २ मधल्या प्रजातींसाठी ते अभयारण्याबाहेरही लागू आहे. नदी सुरयाच्या घरट्यांवरून पोकलेन गेलं तर तो प्रश्न फक्त महसूल खात्याचा राहत नाही. उजनीसारख्या ठिकाणी हे कलम फारच कमी वापरलं जातं.

ठाणे-उरण-पनवेलच्या बाजूला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम येतात. तो वेगळा संसार आहे, त्यात इथे शिरत नाही.

पायरी २ : खड्डा कसला आहे?

खोदताना दिसलेली प्रत्येक गोष्ट ‘अवैध खाण’ नसते. साप साप म्हणून भुई धोपटली की पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कुणी विचारत नाही.

दगड, मुरूम, साधी माती, वाळू ही सगळी गौण खनिजं. त्यांचे नियम करण्याचा अधिकार खाण व खनिज अधिनियम, १९५७ च्या कलम १५ ने राज्यांना दिला आहे. आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ आहेत. दगडखाण आणि क्रशर बहुधा अनेक वर्षांच्या खाणपट्ट्यावर चालतात. मुरूम-माती अनेकदा थोड्या मुदतीच्या परवान्यावर निघते, कुठे रस्त्याच्या भरावासाठी, कुठे प्लॉट पाडण्यासाठी. वाळूचं धोरण राज्य सरकार इतक्या वेळा बदलतं की मागच्या वर्षीचा नियम छातीठोकपणे सांगायला जाऊ नका.

पर्यावरण मंजुरीबद्दल, म्हणजे खाण सुरू करण्याआधी घ्यावी लागणाऱ्या परवानगीबद्दल, एक इतिहास माहीत असावा. पूर्वी ५ हेक्टरच्या आतल्या पट्ट्यांना मंजुरी लागत नसे, म्हणून मोठ्या क्षेत्राचे ५ हेक्टरच्या आतले तुकडे पाडले जात. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बुजवली, आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक झाली. तुकडे पाडायची सवय मात्र गेलेली नाही. शेजारच्या पट्ट्यांच्या कडांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते एक समूह धरले जातात. टेकडीवर एकाला लागून एक चार खाणी दिसल्या तर प्रत्येकीचं क्षेत्र वेगळं न बघता बेरीज करा.

काही खोदकामांना मंजुरीतून सूट आहे : कुंभारांनी माती काढणं, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने हटवणं, विहीर खोदणं, देखभालीसाठी धरण-बंधाऱ्यांतला गाळ काढणं. रस्ते-रेल्वेच्या भरावाच्या मातीला दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली. त्यानंतरची ताजी अधिसूचना बघूनच त्यावर बोला.

पायरी ३ : मोजा, पण दुरून

सगळ्यात आधी जिवाचं. वाळूच्या किंवा मुरमाच्या ठिकाणी एकट्याने, रात्री किंवा गाडी अडवायला जायचं नाही. चालकाशी हुज्जत घालायची नाही. तो रोजंदारीवरचा माणूस आहे, आणि मालक तिथे नसतोच. सार्वजनिक रस्त्यावरून, काठावरून, दिवसा, दोघा-तिघांनी मिळून जे दिसेल ते नोंदवायचं.

नोंद काय करायची? मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दिसतील असे फोटो. सातबारा आणि गावनकाशावरून गट नंबर. यंत्रं किती, गाड्यांचे नंबर, कामाच्या वेळा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं बघता येतात. तिथे खड्डा कधी सुरू झाला आणि कुठल्या बाजूला सरकत गेला हे घरबसल्या कळतं. माझ्या मते नवख्याच्या हातातलं सगळ्यात मोलाचं साधन हेच. पंचनामा करणाऱ्यासमोर तीन वर्षांची तीन चित्रं ठेवली की चर्चेचा सूर बदलतो.

मग ब्रास. महसूल खातं घनमीटरपेक्षा ब्रासमध्ये विचार करतं, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत घ्या, गुणाकार करा, १०० ने भागा. खड्डा १२० फूट लांब, ८० फूट रुंद आणि १० फूट खोल असेल, तर ९६० ब्रास. परवाना २०० ब्रासचा असेल तर बाकीचे ७६० कुठल्या पावतीवर गेले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तुमचा आकडा अंदाजाचा आहे असंच लिहा आणि अधिकृत ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने होणाऱ्या) मोजणीची मागणी करा.

खोलीकडे विशेष लक्ष द्या. दगडखाणीत पाणी लागलं आणि पंप बसला, की ती खाण शेजारच्या पाणथळीचं पाणी ओढू लागण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून चालतं. तळ्याच्या पातळीखाली खड्डा गेला की तळं उन्हाळ्यात लवकर आटल्यासारखं वाटतं आणि दोष पावसाला जातो. पंपाचं गढूळ पाणी कुठल्या ओढ्यात सोडलंय, हेही बघा. तो ओढा शेवटी तळ्यातच येतो.

पायरी ४ : पक्ष्यांची नोंद कामाला येईल अशी करा

प्रजातींची लांबलचक यादी जोडायचा मोह आवरा. १५० नावांच्या यादीने अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला कळतं ते असं : ‘अमुक गटातल्या वाळूच्या बेटावर १२ एप्रिलला नदी सुरयाची घरटी होती, आणि यंत्र तिथून इतक्या मीटरवर चालू होतं.’

म्हणून जमिनीवर आणि काठात घरटी करणाऱ्यांकडे आधी बघा. नदी सुरय, टिटवी, शेकाट्या, छोटा कंठेरी चिखल्या हे उघड्या जमिनीवर, वाळूवर, खडीवर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, चालकाला ती दिसतच नाहीत. खंड्या, धीवर आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बिळं करतात. गंमत म्हणजे जुन्या खाणीच्या कड्यावर शृंगी घुबड सुखाने राहतं, आणि सोडून दिलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यावर हळदीकुंकू बदकं उतरतात. त्यामुळे ‘खाण म्हणजे पक्ष्यांचा मृत्यू’ असलं सरसकट वाक्य लिहू नका. समोरचा जाणकार असेल तर तिथेच तुमचं घोडं अडेल.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका. पिल्लं-अंडी उन्हात उघडी पडतात, आणि तुमच्या मागोमाग कावळे-कुत्री येतात. दुर्बिणीतून बघा, दुरून टिपा. नोंदी लोकजैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. जैविक विविधता अधिनियमाखाली प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमायची असते, आणि तिच्या नोंदवहीतला उल्लेख हौशी माणसाच्या डायरीपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

पायरी ५ : समोरच्याचे कागद मिळवा

केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पर्यावरण मंजुरीची पत्रं मिळतात. पत्र मिळालं की पहिली दोन पानं सोडा आणि अटी वाचा. भूजलपातळी गाठू नये, ठरलेल्या वेळेतच सुरुंग लावावेत, कडेने झाडं लावावीत, असल्या अटी तिथे असतात. खाणमालकाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो दिलाच नसेल तर तुमच्या तक्रारीतला सगळ्यात सोपा मुद्दा तयार झाला.

उरलेले कागद माहितीच्या अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. परवान्याची प्रत, मंजूर नकाशा, भरलेलं स्वामित्वधन (रॉयल्टी), वाहतूक पासांची यादी, आजवरचे पंचनामे, एवढंच मागा. शक्य असेल तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा. फाइल समोर बसून चाळताना जे सापडतं ते मागितलेल्या प्रतींत कधीच नसतं.

पायरी ६ : तक्रार कुणाकडे, कुठल्या शब्दांत

माझी पहिली तक्रार दोन पानी होती. स्थलांतर, सैबेरिया, निसर्गाचा समतोल, सगळं होतं तिच्यात. एका कार्यालयातून उत्तर आलं, ‘विषय या कार्यालयाशी संबंधित नाही.’ राग आला, पण खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. मी एकाच अर्जात चार खात्यांचे विषय कोंबले होते. दुसऱ्यांदा चार वेगळे अर्ज लिहिले, प्रत्येकी अर्धं पान. तीन आठवड्यांत एक पंचनामा झाला.

परवान्याशिवाय किंवा परवान्यापेक्षा जास्त खोदकाम असेल तर तहसीलदार, आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८(८) खाली यंत्रं-वाहनं जप्त करण्याची तरतूद आहे. अर्जात ही दोन कलमं लिहाच. क्रशरची धूळ, गढूळ पाणी किंवा संमतीपत्र नसणं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मंजुरीच्या अटींचा भंग राज्य पर्यावरण प्रभाव मूल्यांकन प्राधिकरणाकडे. घरटी, अंडी, अभयारण्याची हद्द वन विभागाकडे. सुरुंगाच्या हादऱ्यांच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाने घातल्या आहेत, पण त्या इमारतींसाठी आहेत. घरट्यात बसलेल्या पक्ष्याला किती हादरा चालेल याचा आकडा त्यात नाही. म्हणून विणीच्या काळात सुरुंगबंदी ही मंजुरीची अट म्हणूनच मागावी लागते.

गावातल्या तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आधी भेटा. पंचनाम्याला तोच येणार असतो. त्याच्यावर दोन्हीकडून दबाव असतो हे लक्षात ठेवून बोला.

गाळाचं काय?

हा मुद्दा पायऱ्यांत बसत नाही, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेणं अपेक्षित आहे. योजना चांगली आहे. गाळ घातलेल्या रानाचं पीक मी पाहिलंय, त्यामुळे गाळ काढणाऱ्याला खाणमाफियाच्या रांगेत उभं करायला मी तयार नाही.

पण पक्ष्यांच्या बाजूने बघा. नांदूरमधमेश्वरचं वैभव मुळात गाळाचंच देणं आहे. इंग्रजांच्या काळात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला, त्यातून बेटं आणि उथळ दलदल तयार झाली, आणि पक्षी आले. शेकाट्या, तुतारी, चिखले यांना वीतभरही खोल पाणी नको असतं. थापट्याला आणि तलवार बदकाला डोकं बुडवून तळ गाठता यायला हवा. अशा ठिकाणी पोकलेनने उभ्या काठाचा पंधरा फुटी खड्डा पाडला की पाण्याचा साठा वाढतो आणि जेवणाचं ताट नाहीसं होतं. उन्हाळ्यात गाळ उघडा पडतो तेव्हाच यंत्रं उतरतात, आणि नेमकी तेव्हाच सुरयाची वीण चालू असते.

इथे विरोध करून उपयोग नाही. काम सुरू होण्याआधी कार्यादेशात अटी घालून घ्याव्या लागतात, कारण पर्यावरण मंजुरी इथे लागतच नाही. काम काढणारं खातं, जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण, यांना मार्चच्या आत भेटा. मागण्या साध्या ठेवा. फुगवट्याचा उथळ शेंडा, म्हणजे ओढा आत येतो तो भाग, तसाच सोडायचा. काठाचा उतार हळूहळू उतरता ठेवायचा, उभी दरड नको. घरट्यांच्या बेटाला झेंड्या लावून ते वगळायचं. काळा गाळ संपून मुरूम लागला की थांबायचं. शेवटची अट शेतकऱ्याच्याही हिताची आहे, आणि मुरूम-वाळू विकण्यासाठी ‘गाळ’ या नावाचा जो वापर होतो तो नेमका तिथेच पकडला जातो.

पायरी ७ : हरित न्यायाधिकरण, आणि त्याआधीची एक खिडकी

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. योग्य कारण दिलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. इतर पर्यावरणीय वादांसाठी कारण घडल्यापासून सहा महिने. आपल्यासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. पण तिथे जाताना वरच्या पायऱ्यांतले कागद हातात नसतील तर वकीलही तुम्हाला परत पाठवेल.

आणि बहुतेकांना माहीतच नसते ती खिडकी म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यात कुठल्या गौण खनिजाचं उत्खनन कुठे करता येईल हे या अहवालात ठरतं, आणि तो दर पाच वर्षांनी नव्याने करायचा असतो. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस ठेवून हरकती मागवल्या जातात. पोकलेन उतरल्यावर धावणं हे वरातीमागून घोडं. इथे वरात निघायच्या आधी बोलता येतं. हरकतीत तुमच्या तळ्याचं नाव, गट नंबर, घरट्यांचे महिने आणि सोडायच्या अंतराचा नकाशा द्या. अभयारण्य नसलेल्या उजनीसारख्या पाण्यासाठी मला तरी यापेक्षा चांगली जागा सापडलेली नाही.

तुमच्या जिल्ह्याचा मागचा अहवाल कुठल्या वर्षाचा आहे ते आजच बघा, त्यात पाच मिळवा, आणि त्या वर्षी दर सोमवारी संकेतस्थळावरचं ‘सूचना’ हे पान उघडायची सवय लावा.